छातीत धडधड सुरू झाली की हात कुठे ठेवायचा? (स्पर्शावर आधारलेल्या उपचारांबद्दल)

ओंजळ:

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं वर्षभर मनात घोळत होतं, आज लिहितेच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गाडीला मागून धडक बसली. मला चार टाके पडले, हाडं शाबूत. "थोडक्यात निभावलं" असं सगळे म्हणाले आणि मलाही ते पटलं होतं. तीन आठवड्यांनी रस्ता ओलांडताना कुणीतरी करकचून ब्रेक दाबला आणि माझे पाय जागीच थिजले. तोंड कोरडं, बोटं बर्फासारखी गार, छातीत धडधड. एका अनोळखी बाईंनी दंडाला धरून मला पलीकडे नेलं. त्यानंतर नुसता टीव्हीवर ब्रेकचा आवाज आला तरी तेच व्हायचं. झोप उडाली. "झालं ना आता, विसर की" हे ऐकून ऐकून मी कुणाला काही सांगणंच बंद केलं.

समुपदेशक ताईंकडे गेले, तर पहिल्या दोन भेटींत त्यांनी अपघाताचा विषयही काढला नाही. आधी मला 'फुलपाखराची मिठी' शिकवली. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे, अंगठे एकमेकांत अडकवायचे. बाकीची बोटं गळ्याच्या हाडाखाली टेकतात, फुलपाखराच्या पंखांसारखी. मग आळीपाळीने थोपटायचं, एकदा उजवा हात, एकदा डावा. मी पहिल्यांदा इतकं जोरात आणि भरभर थोपटत होते की ताईंनी स्वतःच्या छातीवर करून दाखवत माझा वेग उतरवला. मिनिटभर झालं की थांबायचं, हात तसेच राहू द्यायचे आणि बघायचं: जबडा आवळलेला आहे का, श्वास कुठवर जातोय. त्या दिवशी मला लागोपाठ तीन जांभया आल्या आणि खांदे खाली उतरले. ते इतके दिवस वर चढवून ठेवले होते हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ही पद्धत मुळात मुलांसाठी निघाली. १९९७ साली मेक्सिकोत अकापुल्कोला पॉलिन चक्रीवादळाने झोडपलं. त्यातून वाचलेल्या मुलांसोबत काम करताना लुसिना आर्तिगास या उपचारकांनी १९९८ मध्ये ती वापरायला सुरुवात केली. मुलं खूप आणि हाताशी माणसं थोडी, अशा वेळी मुलांचेच हात कामी आले. मला ही गोष्ट फार धीर देऊन गेली.

दुसरा प्रकार म्हणजे हेवनिंग. हेवन म्हणजे आसरा. रोनाल्ड रूडन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी तो बसवला. हातांची घडी घालून खांद्यापासून कोपरापर्यंत तळहात सावकाश खाली आणायचे, पुन्हा वर नेऊन खाली. किंवा हात धुतल्यासारखे तळहात एकमेकांवर फिरवायचे. किंवा बोटांनी कपाळापासून गालांपर्यंत चेहरा निरपायचा. सोबत मनात अंक मोजायचे, नाहीतर ओळखीच्या जागेतून चालल्याची कल्पना करायची. रात्री जाग आल्यावर मला दंडावरून हात फिरवणं सर्वांत जास्त मानवतं.

ब्रेकच्या आवाजाने मी आजही दचकते. पण पूर्वी तासभर अंग थरथरायचं, आता तीन-चार मिनिटांत सावरते. तुमच्यापैकी कुणी असं काही केलंय का? कुणाला त्रास झाला असेल तर तेही लिहा. मला दोन्ही बाजू ऐकायच्या आहेत.


रातराणी:

ओंजळताई, मनापासून लिहिलंत. मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, पंधरा वर्षं झाली. मोठ्यांच्या उपचारांतलं मला फारसं कळत नाही, पण स्पर्शाचं म्हणाल तर तो आमचा रोजचा धडा.

नवीन मुली कामाला लागल्या की काचेच्या पेटीतल्या इवल्याशा बाळाला मायेने बोटाच्या टोकाने गोंजारायला जातात. आणि बाळ दचकतं, हात फेकतं, पडद्यावरचे आकडे हलतात. हे बघून त्या रडवेल्या होतात. मग मी दाखवते. हात आधी ऊबदार करून घ्यायचे. एक तळवा डोक्याला लावायचा, दुसरा दुमडलेल्या पावलांना. आणि हलवायचा नाही. दाबायचं नाही, चोळायचं नाही, नुसतं धरून राहायचं. सुई टोचायच्या वेळी दुसऱ्या कुणी असं धरलेलं असलं की बाळ लवकर शांत होतं. काढतानाही हात एकदम उचलायचे नाहीत. आधी वजन कमी करायचं, मग एक हात, मग दुसरा.

आईच्या उघड्या छातीवर बाळाला ठेवायची पद्धत आता जगभर आहे. तिची सुरुवात १९७८ साली कोलंबियातल्या बोगोता शहरात झाली. डॉ. एडगर रे यांच्या विभागात उबवणपेट्या कमी आणि बाळं जास्त होती. कांगारूसारखं बाळ छातीला बांधून ठेवलं तर जगतं, वाढतं, हे तिथे दिसलं.

टिफनी फील्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा १९८६ चा अभ्यास आम्हाला शिकताना होता. कमी दिवसांच्या बाळांना दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं, असं दहा दिवस मालिश केलं, तर त्यांचं वजन इतर बाळांपेक्षा ४७ टक्के जास्त वाढलं. पण त्या मालिशमध्ये हाताला थोडा भार होता. निसटता, गुदगुल्या केल्यासारखा स्पर्श बाळांना सोसत नाही. मोठ्यांनाही भेदरलेल्या अवस्थेत तो सोसत नसावा, असं मला माझ्या कामावरून वाटतं.


शोधयात्री:

सुरेख प्रतिसाद, रातराणी. माझा विषय मज्जासंस्था, म्हणून थोडी भर.

आपल्या त्वचेत स्पर्शाच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक जलद: काय लागलं, कुठे लागलं, खरखरीत की गुळगुळीत, हे मेंदूला तत्काळ कळवणारी. दुसरी अगदी संथ, सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने जाणारी. या दुसऱ्या वाटेच्या तंतूंना सी-टॅक्टाइल म्हणतात. ते केसाळ त्वचेत असतात, म्हणजे दंड, पाठ, चेहरा वगैरे. तळहातावर फारच कमी. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने कुणी हात फिरवला तर ते सर्वांत जास्त जागे होतात, आणि फिरवणाऱ्या वस्तूची ऊब त्वचेइतकी असावी लागते. खांद्यापासून कोपरापर्यंत हात आणायला पाच-सात सेकंद घेतले की तुम्ही नेमके त्या वेगात असता. झोपवताना आई ज्या वेगाने पाठीवरून हात फिरवते तो वेगही हाच, तिला कुणी मोजून दिलेला नसतो.

यावर बरंच काम स्वीडनमध्ये झालं आहे, ओके वालबो आणि होकान ओलाउसोन यांचं. २००२ साली त्यांनी एका रुग्ण महिलेबद्दल लिहिलं. आजारामुळे तिचे जलद तंतू निकामी झाले होते. मऊ ब्रश हातावरून फिरवला तर तो कुठे आणि कोणत्या दिशेने फिरतोय हे तिला धड सांगता येत नव्हतं, पण काहीतरी छान वाटतंय एवढं नक्की कळत होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी दुसरं काही काम सुचलं नव्हतं.

एक फरक मात्र ध्यानात असू द्या. स्वतःचा हात आणि दुसऱ्याचा हात मेंदूला एकसारखे वाटत नाहीत. आपला हात कुठे पडणार हे मेंदूला आधीच माहीत असतं, म्हणून त्या स्पर्शाची तीव्रता तो कमी करतो. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्या याचमुळे. भेदरलेल्या माणसाला कदाचित याचाच फायदा होतो, कारण त्यात अचानक काही घडत नाही. हा शेवटचा माझा अंदाज आहे, तो अंदाज म्हणूनच घ्या.


वाचनवेडा:

छान धागा. वाचतोय. बोटांनी ठरावीक बिंदूंवर टकटक करतात तो प्रकार यातच येतो का? भुवईपाशी, डोळ्याखाली, हनुवटीवर वगैरे?


चिकित्सक:

@वाचनवेडा, हो. त्याला टॅपिंग म्हणतात. रॉजर कॅलहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सुरू केलं, पुढे १९९० च्या दशकात गॅरी क्रेग यांनी सोपं करून पसरवलं. करणाऱ्यांना बरं वाटतं यात शंका नाही. पण त्याच बिंदूंमधून ऊर्जा वाहते आणि म्हणून भीती जाते, या स्पष्टीकरणाला आधार नाही. भीतीचं नाव घेऊन तिच्याकडे थोडा वेळ बघणं, श्वास, लय आणि स्पर्श एवढ्यानेही उतार पडू शकतो.

हेवनिंगचंही तसंच. स्पर्शाने मेंदूत डेल्टा लहरी (गाढ झोपेत असतात तशा संथ लहरी) उठतात आणि भीतीच्या आठवणीची जोडणी कायमची सुटते, असं सांगतात. माणसाच्या मेंदूत हे असं घडतं हे अजून कुणी दाखवून दिलेलं नाही. शांत वाटतं, हे मान्य. "एका बैठकीत मनावरचा आघात पुसला जातो" हे मान्य नाही.

अंगाला हात न लावता वरून हात फिरवून 'ऊर्जाक्षेत्र' नीट करणारे लोकही स्वतःच्या कामाला स्पर्शोपचारच म्हणतात. एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने त्यांची परीक्षा घेतली होती. मध्ये पुठ्ठ्याचा आडपडदा, त्यातून उपचारकाचे दोन्ही हात बाहेर, आणि ती आपला हात त्यातल्या एकावर धरणार. कोणत्या हातावर ते ओळखायचं. २१ उपचारक, २८० प्रयत्न, बरोबर उत्तरं १२३. नाणं उडवलं असतं तरी याहून बरं जमलं असतं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं.

मी स्पर्शाच्या विरोधात नाही. २०२१ मध्ये जर्मनीत १५९ जणांवर प्रयोग झाला. एक हात छातीवर, एक पोटावर, फक्त वीस सेकंद, आणि मग त्यांना मुद्दाम ताणाखाली आणलं. ज्यांनी स्वतःला असा स्पर्श केला किंवा ज्यांना मिठी मिळाली, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल (ताण आला की वाढणारं संप्रेरक) इतरांपेक्षा कमी राहिलं. मात्र हृदयाचे ठोके आणि "किती ताण वाटला" याची उत्तरं यांत फरक पडला नाही. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

मला काळजी वेगळीच आहे. माझ्या नात्यातल्या एका मुलीने अशाच एका शिबिरानंतर नैराश्याची गोळी स्वतःहून बंद केली. "आता आतून मोकळं झालंय, औषधाची गरज नाही," असं तिथे तिला सांगितलं होतं. पुढचे दोन महिने आमच्या घरात कुणी धड झोपलं नाही. ती आता बरी आहे. पण मी असे धागे बारकाईने वाचतो ते त्यामुळे.


ओंजळ:

चिकित्सक, हे लिहिलंत ते बरं झालं. माझंही औषध सात महिने चालू होतं आणि ते डॉक्टरांनीच हळूहळू कमी केलं. पहिल्या लेखात हे यायला हवं होतं. मुलीला माझ्या शुभेच्छा सांगा.


निःशब्द:

मी इथे फक्त वाचते. पहिल्यांदाच लिहितेय.

मला स्पर्श सहन होत नाही. लहानपणी जे झालं ते इथे लिहिणार नाही. मोठेपणी मान धरली म्हणून मालिश करायला गेले. त्या बाईंनी चांगल्या मनाने "शरीर सैल सोडा, माझ्यावर विश्वास ठेवा" म्हटलं. ते वाक्य ऐकलं आणि मी छताकडे बघत राहिले. हात-पाय माझे नव्हतेच. त्यांना वाटलं मी शांत झाले. मी चाळीस मिनिटं "थांबा" म्हणू शकले नाही. नंतर आठवडाभर आंघोळ करतानाही अंगाला हात लावावासा वाटत नव्हता.

म्हणून "स्वतःला मिठी मारा, बरं वाटेल" असं कुणी सहज सांगितलं की मला भीती वाटते. छातीवर हात ठेवला की माझी धडधड वाढते, कारण मग ती हाताला कळते.

माझ्या बाबतीत वाट पावलांपासून सुरू झाली. खुर्चीत बसून तळपाय जमिनीवर घट्ट दाबायचे. एवढंच, कितीतरी आठवडे. मग पाठ भिंतीला टेकवून बसणं. मग मांडीवर जड उशी. उशी मला मानवली, कारण ती हलत नाही, तिला माझ्याकडून काही नको असतं आणि ती मी केव्हाही बाजूला ठेवू शकते. वर्षभराने एक हात दुसऱ्या हाताच्या मनगटावर ठेवता आला. तोही बाहीवरून.

आता माझ्या समुपदेशक दर वेळी विचारतात, "आज हे करायचं का?" आणि मी नाही म्हटलं तर "बरं" म्हणून पुढे जातात. त्या "बरं"साठी मी तिथे जाते.


कानगोष्ट:

निःशब्द, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी आघातग्रस्तांसोबत काम करते. तुम्ही वर्णन केलंत ते थिजणं आहे. पळता येत नाही, झगडता येत नाही, तेव्हा शरीर स्वतःला बंद करून घेतं. बाहेरून ते शांतपणासारखं दिसतं. हा फरक ओळखता येत नसेल त्या माणसाने आघात झालेल्या व्यक्तीला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सैल पडलेल्या माणसाचा श्वास खोल असतो, नजर हलती असते, विचारलं तर उत्तर येतं. थिजलेल्याचा श्वास उथळ असतो, नजर एका जागी खिळते, हात गार पडतात, उत्तर यायला वेळ लागतो. उत्तर नाही आलं तर ते नाहीच समजायचं.

डोळ्यांच्या हालचालींवर आधारित एक उपचार आहे, ईएमडीआर. फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना १९८७ मध्ये त्याची कल्पना सुचली. त्यात डोळ्यांऐवजी आलटून पालटून हातांवर थापाही देतात, आणि ओंजळ यांची फुलपाखराची मिठी त्याच घराण्यातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर ताणासाठी (पीटीएसडी) तो आणि आघातकेंद्री वर्तनोपचार, दोन्ही सुचवले. पण तो पूर्ण उपचार आठ टप्प्यांचा असतो आणि प्रशिक्षित माणसासोबतच करायचा असतो. घरी थोपटताना मुद्दाम सर्वांत वाईट आठवण काढून बसू नका. घरी हे सावरण्यासाठी करायचं. उकरण्याचं काम एकट्याने करू नये.

मी स्वतः पहिल्या काही भेटींत समोरच्या व्यक्तीला हात लावतच नाही. कुठे, किती वेळ, कपड्यांवरून की कसं, हे आधी बोलून ठरतं, आणि थांबवण्याची खूण आधी ठरते, कारण ऐन वेळी शब्द फुटत नाहीत हे निःशब्द यांनी लिहिलंच आहे. एक बोट वर केलं की मी थांबते. खूण शिकवली की एकदा उगाचच वापरून बघायला लावते. मी खरंच थांबते हे त्यांच्या शरीराला कळलं पाहिजे, नुसतं कानाला कळून भागत नाही. कुणी उपचारक "विरोध करतोय तो तुमचा आघात आहे, तुम्ही नाही" असं म्हणायला लागला तर उठून निघून या.

छातीवर हात नको वाटत असेल त्यांनी पावलं, मांड्या, भिंत, हातात धरलेली गार वस्तू, काहीही चालेल. आणि स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, दिवसच्या दिवस झोप नसेल, आजूबाजूचं सगळं खोटं वाटत असेल, तर या धाग्यावर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.


उंबरठा:

सगळं वाचलं. एक विचारायचं आहे. माझी पत्नी रात्री ओरडत उठते. आधी रोज व्हायचं, आता आठवड्यातून दोनदा. तिचे उपचार चालू आहेत. मी जवळ घ्यायला जातो तर ती मला ढकलते, कधी मारते, आणि मग सकाळी त्याचं तिला फार वाईट वाटतं. मी हात लावू की नको? काहीच न करता बाजूला पडून राहणं मला जमत नाही.


कानगोष्ट:

उंबरठा दादा, त्या क्षणी ती तुमच्यासोबत त्या खोलीत नसते, म्हणून अंगावर आलेला हात तुमचा आहे हे तिला कळत नाही. आधी दिवा, मंद असला तरी चालेल. मग आवाज: तिचं नाव, तुमचं नाव, "आपण घरी आहोत". थोडं अंतर ठेवा, तिच्या आणि दाराच्या मध्ये येऊ नका. कवेत घेऊ नका. तुमचा हात तळवा वर करून तिला दिसेल असा मध्ये ठेवा आणि थांबा. घ्यायचा की नाही हे तिचं तिला ठरवू द्या. आणि ही सगळी योजना दिवसाउजेडी तिच्याशी बोलून ठरवा, तिला वेगळं काही हवं असेल.


शोधयात्री:

उंबरठा, हाताचं मोल कमी समजू नका. जेम्स कोन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांवर प्रयोग केला होता. पायाला विजेचा झटका बसण्याची शक्यता असताना त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. एकदा हात मोकळा, एकदा अनोळखी माणसाच्या हातात, एकदा नवऱ्याच्या हातात. नवऱ्याचा हात असताना धोक्याला मिळणारा मेंदूचा प्रतिसाद सर्वांत जास्त निवळला, आणि ज्यांचं आपसात चांगलं जमत होतं त्यांच्यात तर अधिकच. पण त्या स्त्रियांना हात कुणाचा आहे ते माहीत होतं, हे विसरू नका.


निःशब्द:

दादा, मी तिच्या जागी असते तर मला "काय झालं?" हा प्रश्न नको असता. त्याचं उत्तर द्यावं लागतं.


उंबरठा:

परवा दुपारी तिच्याशी बोललो. तिने दोन गोष्टी सांगितल्या. दिवा तिच्या बाजूला हवा आणि मी उठून बसायचं नाही, आडवंच राहायचं, कारण उठून बसलेला माणूस तिला उंच वाटतो. दोन वर्षांत मला हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

काल पहाटे तीनला झालं. दिवा लावला, नाव घेतलं, माझं नाव सांगितलं, हात मध्ये ठेवला. बराच वेळ तिने पाहिलं नाही. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिची करंगळी माझ्या मनगटाला येऊन लागली, फक्त करंगळी. हाताला मुंग्या आल्या होत्या, पण मी तो हलवला नाही. जाग आली तेव्हा बाहेर उजाडलं होतं, दिवा तसाच चालू होता आणि ती झोपलेली होती.